कीबोर्ड कोणत्या यंत्राला जोडलाय, ते आधी पाहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन संगणक एकाच कीबोर्ड-माउसवर कसे चालवावेत, याविषयीचा लेख आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत परवा वाचला. विषय निवडल्याबद्दल लेखकाचे आभार. मराठीत यावर फारसं कुणी लिहीत नाही. पण त्यातल्या दोन सूचना वाचून गप्प बसवेना. जोडणी होत नसेल तर फायरवॉल, म्हणजे संगणकाच्या दारावरचा पहारा, बंद करावा, ही एक. आणि तरीही जमलं नाही तर राउटरमधून २४८०० क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत शिरायचं दार, बाहेरच्या जगाला उघडून द्यावं, ही दुसरी. या दोन्ही सूचना चुकीच्या आहेत आणि त्यांची दुरुस्ती पुढच्या अंकात ठळकपणे यायला हवी. का, ते सांगायला जरा जागा लागेल.

मी मुद्रितशोधन करते आणि पुस्तकांची पानं लावते. टेबलावर डावीकडे विंडोजचा जुना डेस्कटॉप आहे. युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठी एकच अक्षरसंकेत) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये बांधलेली पुस्तकं त्यातल्याच सॉफ्टवेअरमध्ये धड उघडतात, म्हणून त्याला निवृत्ती नाही. उजवीकडे लिनक्सचा लॅपटॉप. नवं काम, मेल, शब्दकोश सगळं त्यावर. माझं उजवं मनगट दुखरं आहे, त्यामुळे साधा माउस चालत नाही, बोटांनी फिरवायचा ट्रॅकबॉल लागतो. कीबोर्डही मधोमध दुभंगलेला, खास मागवलेला. हे सगळं दोनदोन घेऊन हात दिवसभर इकडून तिकडे नाचवत राहायचं, तर मग ट्रॅकबॉल घेतला कशाला? म्हणून एक कीबोर्ड, एक ट्रॅकबॉल, दोन पडदे. लॅपटॉपवरचा कर्सर डाव्या कडेच्या पलीकडे ढकलला की तो डेस्कटॉपच्या पडद्यावर उजवीकडून आत शिरतो, आणि तिथून पुढे मी टाइप करीन ते तिकडे उमटतं. परत ओढला की पुन्हा लॅपटॉप.

लेखात तीन वेगळ्या गोष्टी एकाच माळेत ओवल्या आहेत. पहिली, दुसऱ्या संगणकाचं चित्रच आपल्या पडद्यावर आणून तो चालवणं. १९९८ साली केंब्रिजच्या प्रयोगशाळेतून बाहेर आलेलं व्हीएनसी, विंडोजमधलं रिमोट डेस्कटॉप, ही या जातीची. यंत्र दुसऱ्या गावी असेल तर यांना पर्याय नाही. दुसरी, केव्हीएम स्विच नावाची डबी: कीबोर्ड, पडदा आणि माउसच्या वायरी तिच्यात खोचायच्या आणि बटण दाबून एका यंत्रावरून दुसऱ्यावर जायचं. तिसरी, मी वापरते ती. दोन्ही यंत्रांचे पडदे आपापल्या जागी चालू असतात आणि नेटवर्कवरून फक्त कळा आणि कर्सरच्या हालचाली जातात.

फरक किती, ते आकड्यांत बघा. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचं एक चित्र, दर ठिपक्याला ३ बाइट धरले तर, दाबून लहान करण्याआधी ६२ लाख बाइटांच्या वर जातं. या तिसऱ्या जातीच्या सिनर्जीत आणि तिच्यापासून फुटलेल्या सॉफ्टवेअरांत कर्सर हलल्याचा निरोप अवघ्या १२ बाइटांचा असतो: निरोपाची लांबी सांगणारे ४, 'हा माउस हलल्याचा निरोप आहे' हे सांगणारी ४ अक्षरं, आणि आडवी-उभी जागा सांगणारे दोनदोन. शेजारी ठेवलेल्या यंत्रासाठी चित्र ओढून आणणारं सॉफ्टवेअर बसवायचं, वर ते इंटरनेटवरच्या कुणा तिसऱ्याच्या सर्व्हरमार्फत जोडायचं, हा द्राविडी प्राणायाम लेखकाने कशासाठी सुचवला असावा, मला कळलं नाही.

पर्यायांची यादी लेखात आहे, ती पुन्हा देत नाही. दोनच गोष्टी जोडते. सगळी यंत्रं विंडोजचीच असतील तर मायक्रोसॉफ्टचं 'माउस विदाउट बॉर्डर्स' २०११ पासून आहे, २०२३ पासून ते पॉवरटॉइज या साधनसंचामध्येच मिळतं आणि चार संगणकांपर्यंत चालतं. मॅक आणि आयपॅडवाल्यांना २०२२ पासून 'युनिव्हर्सल कंट्रोल' सिस्टिममध्येच मिळालं आहे. ते अॅपलच्या एकाच खात्यावरची यंत्रं मागतं, विंडोजला ओळखत नाही. माझ्यासारखी सरमिसळ असेल तर सिनर्जीच्या कुळाकडे यावं लागतं. त्या कल्पनेचा पहिला अवतार १९९६ साली एसजीआय या कंपनीतल्या दोघांनी लिहिला, २००१ साली ती नव्याने लिहिली गेली, आणि पुढे तिला बॅरियर, इनपुट लीप, डेस्कफ्लो अशा फांद्या फुटल्या. लेखात बॅरियरची शिफारस आहे. त्यावरचं काम केव्हाच थांबलंय. ते करणारी मंडळी इनपुट लीपकडे गेली. नव्याने बसवणाऱ्याने तिकडेच जावं.

आता मराठी टाइप करणाऱ्यांची खरी अडचण. लेखात तिच्यावर एक ओळही नाही, आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं.

दुसऱ्या यंत्राला काय कळवायचं, याच्या दोन तऱ्हा आहेत. अमुक जागेची कळ दाबली गेली असं कळवायचं, नाहीतर अमुक अक्षर हवंय असं कळवायचं. यूएसबीचा कीबोर्ड पहिली तऱ्हा पाळतो. त्याला क-ख काही ठाऊक नसतं, तो नुसता कळेचा क्रमांक सांगतो. अक्षर कोणतं ते संगणक ठरवतो. म्हणून केव्हीएमची डबी वापरणाऱ्याला लेआउटची, म्हणजे कोणत्या कळेवर कोणतं अक्षर याची, कटकट नसते: बटण ज्या यंत्राकडे वळवलं, त्याचा लेआउट लागू. सिनर्जीच्या कुळातली सॉफ्टवेअरं मात्र अक्षराची ओळख पाठवतात. माझ्या लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट हा देवनागरीचा लेआउट चालू आहे आणि तिकडे मराठीचा लेआउट बसवलेलाच नाही, तर 'ख दे' हा हुकूम पाळायला तिकडच्या बिचाऱ्या यंत्राला कळच सापडत नाही. अक्षर गळतं किंवा भलतंच उमटतं, आणि माणूस शिव्या फॉन्टला देतो.

हा ख जरा जवळून बघा. इनस्क्रिप्टमध्ये इंग्रजी 'के'च्या कळेवर क आहे, शिफ्ट धरली की ख. भराभर लिहिताना बोटं काही कवायतीत उठत नाहीत. शिफ्टवरचं बोट आधी सुटतं, 'के'वरचं नंतर. दाबताना निरोप गेला: ख दाबला. सोडताना शिफ्ट नाही, त्यामुळे निरोप निघाला: क सोडला. तिकडचं यंत्र म्हणणार, क कुणी दाबलाच नव्हता, आणि ख तर अजून दाबलेलाच आहे. मग ओळभर खखखखख. हे होऊ नये म्हणून सिनर्जीच्या नियमावलीत कळेच्या प्रत्येक निरोपात तीन आकडे असतात: अक्षराची ओळख, शिफ्ट-कंट्रोलची स्थिती आणि मूळ कीबोर्डावरच्या कळेचा क्रमांक. सोडताना अक्षर बदललं तरी कळेचा क्रमांक तोच राहतो, आणि तिकडचं यंत्र त्यावरून ख ला मोकळं करतं. नियमावलीत ही तरतूद का केली, ते कारणासकट लिहून ठेवलंय. शिफ्ट आधी सुटण्याचा उल्लेख त्यात आहे. लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर देवनागरी असेल असं वाटत नाही, पण उपयोग आपल्याला पुरेपूर झाला.

तरीही प्रसंग येतात. शिफ्ट किंवा कंट्रोल दाबलेली असताना कर्सर कड ओलांडून गेला, तर एखादं यंत्र ती कळ दाबलेलीच समजून बसतं. मग साधं टाइप केलं तरी मेनू उघडतात, ओळीच्या ओळी निवडल्या जातात. उपाय सोपा आहे: त्या यंत्रावर कर्सर नेऊन दोन्ही बाजूंच्या शिफ्ट, कंट्रोल, आल्ट एकेकदा दाबून सोडायच्या. आणि मजकुरात काम करताना कर्सर चुकून कडेपलीकडे जाऊ नये म्हणून स्क्रोल लॉक. ती कळ दाबली की कर्सर आहे त्या पडद्यावर थांबतो. कीबोर्डावरच्या या बिनकामाच्या कळेला अखेर नोकरी मिळाली.

लेआउटसाठी माझी पद्धत अशी की दोन्ही यंत्रांवर तेच लेआउट, त्याच क्रमाने बसवायचे. नवी जोडणी झाली की तिकडच्या कोऱ्या पानावर ऱ्हास, दऱ्या, वाङ्मय, ॲप, ऑगस्ट, क्षत्रिय, ज्ञान एवढे शब्द टाइप करायचे. हे धड उमटले तर बाकीचं उमटतं. जुन्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये तर मी लेआउट इंग्रजीच ठेवते, कारण तिथे देवनागरी दिसत असली तरी आतून रोमन अक्षरंच असतात. त्याच कारणाने क्लिपबोर्ड (कॉपी केलेला मजकूर जिथे थांबतो ती जागा) दोन्ही यंत्रांत सामाईक ठेवण्याची सोय मी बंद करून टाकली आहे. लेखात तिचं फार कौतुक आहे. पण तिकडून उचललेला परिच्छेद इकडे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा होऊन येतो. आणि इकडे पासवर्डांच्या तिजोरीतून उचललेला पासवर्ड, न सांगता, त्या जुन्या यंत्राच्या क्लिपबोर्डवर जाऊन पडतो. यातलं दुसरं मला अधिक खुपतं.

इथून मूळ मुद्दा. या सॉफ्टवेअरांत ज्या यंत्राला कीबोर्ड जोडलाय ते सर्व्हर आणि बाकीची क्लायंट. नवख्याचा हमखास गोंधळ होतो, कारण सर्व्हर म्हटलं की कोपऱ्यातलं, कुणी हात न लावलेलं यंत्र डोळ्यासमोर येतं. लेखात म्हटलंय की जे यंत्र जास्त ताकदवान ते सर्व्हर करावं. ताकदीचा इथे काय संबंध? १२ बाइटांचे निरोप पाठवायला जुनाट यंत्रही पुरतं. पाहायचं ते एवढंच, की आपला विश्वास कोणावर अधिक आहे. सर्व्हर क्लायंटवर काहीही टाइप करू शकतो: कमांडची खिडकी उघडू शकतो, फाइल उडवू शकतो. शिवाय दोन्ही यंत्रांचे सगळे पासवर्ड सर्व्हरच्याच कीबोर्डवर टाइप होतात. त्या यंत्रात कळा टिपणारं काही शिरलं, की दोन्ही यंत्रं गेलीच. म्हणून ज्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी मिळतात ते यंत्र सर्व्हर, आणि माझ्या डेस्कटॉपसारखं वय झालेलं क्लायंट. उलटं कधीही नाही.

हुकूम कोणाच्या हाती, हा प्रश्न जुनाच आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी संशोधक डग्लस एंगेलबर्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत माउस जगापुढे आणला, तेव्हा त्यांच्या हाताखालचा संगणक तिथे नव्हताच. तो सुमारे ३० मैलांवर मेन्लो पार्कमध्ये होता. कळा आणि माउसच्या हालचाली मोडेमवरून तिकडे जात होत्या, चित्र सूक्ष्मलहरींनी इकडे येत होतं. प्रात्यक्षिकाच्या एका टप्प्यावर मेन्लो पार्कमधला त्यांचा सहकारी बिल पॅक्स्टन याचा कर्सरही त्याच पडद्यावर आला. दोन माणसं, दोन कर्सर, एक मजकूर. पण बदल करायचा हक्क एंगेलबर्ट यांनी स्वतःकडे राखला होता. पॅक्स्टनला फक्त बोट दाखवता येत होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी हे ठरवून ठेवलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता फायरवॉल आणि पोर्ट. सिनर्जीच्या जुन्या आवृत्त्यांत एन्क्रिप्शन, म्हणजे निरोप कुलूपबंद करून पाठवणं, नव्हतं. त्याच वाय-फायवरच्या एखाद्याने नेटवर्क टिपणारं सॉफ्टवेअर लावलं तर टाइप केलेली कळन् कळ त्याला वाचता येई. पुढे एन्क्रिप्शनची टीएलएस ही पद्धत आली, पण तेवढ्याने काम भागलं नाही. २०२१ साली बॅरियरमध्ये सापडलेली एक त्रुटी सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२१-४२०७३ या क्रमांकाने नोंदलेली आहे. तिच्यात येणारा क्लायंट खरंच आपला आहे का, हे सर्व्हर नीट तपासतच नव्हता. सेटिंगमध्ये लिहिलेलं क्लायंटचं नाव सांगता आलं की झालं. आणि संगणकांची नावं ओळखणं अवघड नसतं. असा तोतया क्लायंट आत शिरला, की त्याला सर्व्हरच्या कीबोर्ड-माउसचे निरोप मिळवता येत आणि सर्व्हरचा क्लिपबोर्डही बदलता येई. २.४.० या आवृत्तीत ही त्रुटी दुरुस्त झाली. आता कल्पना करा की आपल्या एखाद्या वाचकाने जुनं बॅरियर बसवलं आणि लेखात सांगितल्याप्रमाणे पोर्ट इंटरनेटला उघडून दिलं. रोगापेक्षा औषध भयंकर, ते हेच.

बरं, जोडणी अडते ती बहुधा भलत्याच कारणांनी. क्लायंटने सांगितलेलं पडद्याचं नाव आणि सर्व्हरच्या सेटिंगमधलं नाव जुळत नाही. राउटरने सर्व्हरला आज नवा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा घर क्रमांक, दिलेला असतो आणि क्लायंट कालच्या पत्त्यावर हाका मारत बसतो. एका बाजूला टीएलएस चालू, दुसऱ्या बाजूला बंद. एक यंत्र पाहुण्यांच्या वाय-फायवर, जिथे यंत्रांना एकमेकांशी बोलूच देत नाहीत. किंवा विंडोजने घरचं नेटवर्क 'सार्वजनिक' समजून ठेवलेलं. या शेवटच्या बाबतीतही फायरवॉल बंद करायचं कारण नाही. नेटवर्क 'खासगी' करावं आणि त्या एका प्रोग्रॅमला तेवढ्यापुरती परवानगी द्यावी.

पहिल्यांदा जोडताना समोरच्या यंत्राची ओळख पटवणारा एक लांबलचक ठसा, म्हणजे फिंगरप्रिंट, दिसतो आणि हा बरोबर आहे का असं विचारलं जातं. सगळे न वाचता 'हो' म्हणतात. तसं करू नये. दोन्ही पडदे शेजारी असतात, ठसा दोन्हीकडे दिसतो. त्यातली सगळी अक्षरं ताडून बघण्याचं काम मुद्रितशोधकालाच जमतं असं नाही. आणि यंत्र कार्यालयाचं असेल तर परवानगीशिवाय त्यावर असलं काहीही बसवू नये, तिथे केव्हीएमची डबीच बरी.

लिनक्सवाल्यांसाठी आणखी एक. पडदा आणि खिडक्या सांभाळणाऱ्या पूर्वीच्या एक्स११ मध्ये कुठल्याही प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या कळा ऐकता येत आणि खोट्या कळा दाबताही येत. या सॉफ्टवेअरांचं सगळं त्यावर चालायचं. त्याच्या जागी आलेल्या वेलँडने तो दरवाजा लावून घेतला, आणि बरीच वर्षं ही सॉफ्टवेअरं तिथे लंगडी पडली. लिनक्सवरच्या नोम या डेस्कटॉपच्या २०२३ मधल्या ४५ व्या आवृत्तीपासून वापरणाऱ्याला विचारून परवानगी घेण्याची अधिकृत वाट झाली आहे. दर वेळी परवानगी मागतात म्हणून लोक कुरकुरतात. मॅकवरही गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये जाऊन अशा प्रोग्रॅमला मुद्दाम मुभा द्यावी लागते, विंडोजवर कंट्रोल-आल्ट-डिलीट साध्या प्रोग्रॅमला दाबताच येत नाही. मला यातली एकही गोष्ट जाचक वाटत नाही. माझ्या कळा कुणी ऐकाव्यात, हे मला विचारूनच ठरायला हवं.

आणखी एक विनंती लेखकाला. हा विषय नुसता हौसेचा किंवा टेबल नीटनेटकं दिसण्याचा नाही. ज्याला साधा कीबोर्ड वापरताच येत नाही, जो हनुवटीने जॉयस्टिक हलवतो किंवा एका स्विचवर सगळं लिहितो, त्याची साधनं महाग असतात आणि शरीराला जुळवून घेतलेली असतात. ती दर संगणकाला वेगळी घेता येत नाहीत. विंडोज ९५ मध्ये 'सीरियलकीज' नावाची सोय होती, तिच्यामुळे संवादासाठीचं वेगळं साधन संगणकाच्या सीरियल पोर्टला (वायर खोचायच्या एका जुन्या खाचेला) जोडून संगणकाचा कीबोर्ड आणि माउस त्याच्यावरून चालवता येई. त्या धाग्यावर एक स्वतंत्र लेख येऊ द्या. माझं दुखणं त्यांच्यापुढे किरकोळ आहे, तरी एका ट्रॅकबॉलवर दोन यंत्रं चालल्याने काय फरक पडतो, ते संध्याकाळी मनगट सांगतं.

पत्र लांबलंय, ठाऊक आहे. जागा कमी पडली तर एंगेलबर्ट यांचा परिच्छेद खुशाल गाळा, लिनक्सचाही गाळला तरी चालेल. पोर्टचा आणि ठशाचा मात्र पूर्ण छापा.

आपली,
एक मुद्रितशोधक वाचक